वैद्यबुवांचं जुनं बीळ

रानात नुसत्या पायवाटा होत्या, तेव्हाची गोष्ट. मुंगूसवैद्य ओढ्यापल्याड करंजाखाली राहायला गेले आणि त्यांचं जुनं बीळ रुसून बसलं. आता आपल्याला कोण विचारतंय!

एका सकाळी सशीण धापा टाकत आली. "वैद्यबुवा, लेकराला विंचू चावला हो!"

गप्पच बसावं, असं बिळाला वाटलं. पण लेकराचं कण्हणं ऐकवेना. "अगं बाई, ते पल्याडच्या करंजाखाली गेले. पळ!"

संध्याकाळी वैद्यबुवा स्वतः आले. "पोर वाचलं रे, तुझ्यामुळे."

"पण माझ्यात राहतं कोण?"

"घाबरलेल्याचे पाय जुन्याच दाराशी येतात. तिथं सांगणारं कुणी नको?"

तेव्हापासून बीळ येईल त्याला आधी पत्ता सांगतं. काय झालं, कसं झालं, ती सगळी चौकशी परतताना!