पाच आकड्यांचा मान

एकदा सांगून भागत नाही तुमचं, दर पोळ्याला तेच सांगायला लावता! ऐका.

वेशीच्या तोरणाखालून पहिली बैलजोडी जायचा मान सोपानअण्णाच्या घराचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्यावर दौलतराव घाटग्यांनी डोळा ठेवला आणि पंचांसमोर दोन फासे मांडले.

"बेरीज पाच ते नऊ आली तर मान माझा. दोन, तीन, चार, दहा, अकरा, बारा आली तर तुझा. माझे आकडे पाच, तुझे सहा. अडाण्या, आणखी काय हवं?"

पंचांनी माना डोलावल्या. अण्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर पारावर फासे खेळलेला माणूस तो!

"दौलतराव, एवढी मेहेरबानी मला पचायची नाही. सहा तुम्ही घ्या, पाच मला द्या."

"छे छे! दिलेलं मी परत घेत नसतो."

"का हो? बारा पडायची तऱ्हा एक, सात पडायच्या सहा. छत्तीस तऱ्हांतल्या चोवीस स्वतःच्या पदरात घेता, आणि वर उपकार?"

पंच खाली बघू लागले. दौलतरावांनी फासे खिशात घातले आणि अण्णाची जोडी वाजतगाजत तोरणाखालून गेली.

पण त्या 'अडाण्या'बद्दल माफी मागायची अजून राहिलीच आहे. कुणी? दौलतराव घाटग्यांनी!