पुरलेली नाळ

"...पण बाबा, माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा?"

दयानंदनं तिसऱ्यांदा विचारलं. कालच सरपंच झालेला माणूस. कानामागचा गुलाल अजून निघाला नव्हता, आणि हातातला हार रेवणबाबा काही घेत नव्हते. सीमेवरच्या गावाबाहेर बाबांचा मठ. चारचौघांत बोलायला त्याला बाबांनीच शिकवलं होतं, आणि गडी बोलायला लागला तो असा, की थांबायचं नाव नाही.

"प्रचाराच्या भाषणात काय बोललास?"

"एवढंच, की ज्याची नाळ या मातीत पुरलीय, त्याचंच हे गाव. परक्यांनी आपली वाट धरावी."

"परके कोण?"

"नाव कुणाचंच घेतलं नाही, बाबा. आपलं मोघम बोललो."

"तू मोघम बोललास... नावं गावानं भरली."

दयानंदची मान खाली गेली. भरली होती खरी. शिवव्वा सुईण चाळीस वर्षांपूर्वी नदीपलीकडून, सीमेपल्याडून आलेली. अर्धं गाव तिच्याच हातांनी जगात आलं. आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. गरज सरो, वैद्य मरो. सभेच्या दुसऱ्याच दिवशी नळावर बायकांनी तिची घागर बाजूला सारली. तुझी नाळ कुठली गं, म्हणाल्या. ज्यांना तिनं मोकळं केलं, त्याच या बायका. म्हातारीनं मतदानापर्यंत सोसलं, आणि आज सकाळी बोचकं घेऊन वडापच्या जीपमध्ये बसली. कुणी अडवलं नाही. दयानंदनंही नाही.

बाबा उठले. कोपऱ्यातली कुदळ आणून त्यांनी त्याच्या पायाशी ठेवली.

"तुझी नाळ उकरून आण. मग हार घेतो."

"उकरून?"

"पुरलीय म्हणालास ना?"

"हो... परसात. चिंचेखाली असेल... नाही, न्हाणीमागं..."

"नक्की सांग."

"आईला माहीत होतं." आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. "आता शिवव्वालाच विचारून..."

नाळ कापली तिनं, खड्डा खणला तिनं. जागा तिलाच ठाऊक. आपण काय करून बसलो ते दयानंदला आत्ता कळलं.

"तिनं ऐकलं होतं तुझं भाषण?"

"पहिल्याच रांगेत होती... नाळेचं बोललो, तशी सगळ्यात आधी टाळी तिनंच वाजवली. तिला वाटलं, तिचंच कौतुक चाललंय. मग सगळं गाव वाजवायला लागलं."

दयानंदनं हातातला हार खाली ठेवला.

"मी आणतो तिला परत," दयानंद म्हणाला. "उद्याच चावडीसमोर सभा घेतो. शिवव्वा आपलीच आहे, असं सांगतो. लोक ऐकतात माझं, बाबा."

बाबांनी कुदळ उचलून पुन्हा कोपऱ्यात ठेवली.

"सांग की... पण पहिली टाळी कोण वाजवणार?"