केरबाची जाड तार

एका गावात केरबा नावाचा शिंपी राहत होता. गावात वीज सारखी जायची, म्हणून त्याने छपरावर सौरपाट्या बसवल्या आणि शिवणकामाच्या खोलीत लिथियमची बॅटरी आणली. बसवताना इस्माईल मिस्त्री म्हणाला, "केरबाभाऊ, हिच्या आत एक छोटी पट्टी आहे. बॅटरी फार तापली की ती वीज तोडते. तिला राखणदार समजा. आणि हिच्याभोवती मोकळी हवा राहू द्या."

लग्नसराई आली. कापडाचे गठ्ठे खोलीत मावेनात. ते बॅटरीला टेकून आढ्यापर्यंत गेले. मग रोज भर दुपारी बॅटरी बंद पडू लागली. निवली की आपोआप चालू व्हायची.

एका नवरीची आई चंद्राबाई ओसरीवर येऊन म्हणाली, "काय हो भाऊ, तुमची पेटी जेवून लवंडते की काय? आमच्या पोरीनं एका बाहीची चोळी घालून बोहल्यावर चढायचं का?"

बायका खो खो हसल्या. केरबाला ते फार लागलं. फ्यूज उडाला की त्याजागी जाड तार घालायची, ही त्या गावाची जुनी रीत. केरबाने बॅटरी उघडली आणि राखणदाराला वगळून जाड तार जोडली.

"आता बघतो कशी झोपते!"

दोन दिवस यंत्रं अखंड चालली. तिसऱ्या दुपारी त्याची बायको सगुणा त्याच खोलीत नातवाचा पाळणा हलवत होती.

"अहो, कसला गोडसर वास येतोय?"

"एवढी बाही होऊ दे."

सगुणा थांबली नाही. तिने पोराला उचललं, केरबाचं मनगट धरलं आणि ओढतच त्याला अंगणात आणलं. तो रागावून काही बोलणार, तोच मागे फुस्स आवाज झाला आणि धडाका! दारातून पांढरा धूर आला, धुरामागून जाळ. लोकांनी पाणी मारलं. जाळ बसे आणि पुन्हा उठे. रिकामा पाळणा सर्वांदेखत पेटला.

संध्याकाळी मिस्त्रीने राखेतून ती तार उचलली.

"भाऊ, राखणदारानं तुम्हाला किती वेळा थांबवलं?"

"रोज," केरबा पुटपुटला.

"एकदा तरी विचारलंत, का थांबवतोय?"

केरबाने सगुणाच्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तात्पर्य: जो आपल्याला वेळेवर थांबवतो, त्याचं तोंड बंद करू नये, तो का थांबवतो ते आधी शोधावं.