दोन चौकटींमधली जागा

यामिनीबाई खोत म्हणजे तिरक्या डोक्याच्या व्यंगचित्रकार. मोठे अंक त्यांना छापेनात, म्हणून त्या आपल्या चित्रकथा झेरॉक्स काढून वाटायच्या आणि सांगलीच्या एका चित्रशाळेत तीच कला शिकवायच्या.

एक दिवस संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब रणनवरे हातात कुलूप घेऊनच वर्गात शिरले. "चौकटी आखायला कसला आलाय वर्ग? मिनिटभरात पटवा, नाहीतर हे दाराला लावतो!"

बाईंनी फळ्यावर दोन चौकटी काढल्या. पहिलीत बापूसाहेब खुर्चीत ऐटीत बसलेले. दुसरीत नुसती खुर्ची, चारही पाय वर. वर्ग खो खो हसला.

"मला पाडता?" बापूसाहेब कडाडले.

"मी कुठं पाडलं, साहेब? मधली जागा कोरीच आहे. तिथलं चित्र बघणाऱ्यानं मनात काढायचं, हेच तर इथं शिकवते. मिनिट संपायच्या आत तुम्हाला आलंसुद्धा!"