भरतीत रुतलेला गाडा

खाडीवर अजून पूल झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. शेवंती नावाच्या होडीला डागडुजीसाठी काठावर आणायचं होतं. लाकडी गाडा उतारावरून पाण्यात शिरला, शेवंतीला पाठीवर दोरांनी घट्ट बांधून घेतलं आणि गाड्याला जुंपलेला रेडा त्याला वर ओढू लागला. अर्ध्या उतारावर गाड्याचं डावं चाक चिखलात रुतलं.

रेड्याने जोर लावला तसं चाक आणखी खोल गेलं. तेवढ्यात भरती लागली. पाणी आसाला टेकलं.

"दादा, ओढ ना रे. मी बुडतोय," गाडा रेड्याला म्हणाला.

"त्याने ओढलं तर तू आणखीच गाडला जाशील," चिखलातून म्हातारी कुर्ली म्हणाली. "हो म्हण, मी नांग्यांनी तिचे दोर कापते. होडीला पाणी उचलेल."

"आणि ती वाहून गेली तर? माझ्या भरवशावर बसलीय ती," गाडा म्हणाला.

शेवंती हळूच म्हणाली, "भीती मलाही वाटते, गाडेदादा. पण माझा पुढचा दोर रेड्याच्या जुवाला आहे. तेवढा राहू दे, बाकीचे सोड."

पाणी फळ्यांवर चढलं. गाड्याने डोळे मिटले आणि पुटपुटला, "काप, मावशी."

दोर तुटले. पाणी डोक्यावरून गेलं, सगळीकडे अंधार झाला, आणि त्या अंधारात पाठीवरचं ओझं हळूहळू हलकं होत गेलं. शेवंती तरंगली. रेड्याने एकच हिसडा दिला आणि चाक भसकन वर आलं.

कोरड्या जमिनीवर गाडा निथळत उभा राहिला. मागे पुढच्या दोराला बांधलेली शेवंती काठाशी पाण्यावर डुलत होती.

"उद्या मला न्यायला पुन्हा पाण्यात उतरशील?" शेवंतीने विचारलं.

"उतरेन," तो म्हणाला. त्याची चाकं अजून कापत होती.