कपाळपट्टी आणि पोहरा

एकदा एक शिष्य दमला. यात गोष्ट सांगण्यासारखे काय, असे कुणी म्हणेल. दमणे ही काही नवलाई नव्हे. हे लिहिणाराही दमलेला आहे आणि वाचणारे बहुतेक जण दिवसभराचे ओझे उतरवूनच वाचायला बसतात. पण हा शिष्य दमला होता तो केवळ ऐकून, म्हणून त्याची गोष्ट सांगतो.

टेकडीच्या पायथ्याशी एक लहानसा मठ होता. तिथली मूर्ती प्रसिद्ध नव्हती की प्रसाद. लोक येत ते मनातले बोलायला. मठातल्या वृद्ध गुरूंनी चाळीस वर्षे ओसरीवर बसून लोकांची दुःखे ऐकली होती. कानांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी ते आसन आपल्या शिष्याला दिले. नियम दोनच होते. बोलणारा उठेपर्यंत ऐकणाऱ्याने उठायचे नाही. आणि तो गेला की पुढच्याला बोलावण्याआधी विहिरीवर जायचे, एक पोहरा पाणी शेंदायचे आणि अंगणातल्या आंब्याला घालायचे. आंबा पन्नास वर्षांचा, त्याला या पाण्याची काडीचीही गरज नव्हती. शिष्याने सुरुवातीला एकदा तसे विचारलेही होते. गुरू म्हणाले, "माझ्या गुरूंनी घालायला सांगितलं, मी घालतो." मग शिष्यही घालू लागला.

तालुक्याच्या गावी पंखे आणि पाण्याच्या मोटारी विकणारा एक व्यापारी मठात येत असे. माणूस मनाने भला. शिष्याला दिवसातून वीस-वीस वेळा दोर ओढताना पाहून त्याचा जीव कळवळला. त्याने स्वतः उभे राहून विहिरीवर मोटार बसवून दिली आणि नळी थेट आंब्याच्या बुंध्याशी नेली. आता ओसरीवरूनच बटण दाबले की पाणी. एक माणूस उठला की लगेच दुसरा बसू लागला. रांग झपाझप सरकू लागली, लोक खूश झाले. गुरूंनाही बरे वाटले.

दोन महिन्यांत शिष्याचा चेहरा उतरला. त्याला जेवण जाईना, सकाळी उठवेना. कुणाचा दारुडा मुलगा, कुणाची माहेरी परतलेली लेक, कुणाची भाऊबंदकी, सगळे त्याच्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले. एका बाईला तर त्याने तिच्या मुलावरून भरभरून धीर दिला आणि तिला मूलच नव्हते. "खरं सांगतो बाबा," तो एके दिवशी गुरूंजवळ येऊन म्हणाला, "समोर कुणी येऊन बसलं की मला त्याचा राग येतो. असा मी कधी नव्हतो."

गुरूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

व्यापाऱ्याच्या कानावर हे गेले आणि तो लगबगीने एक डबी घेऊन आला. डबीत पांढरी पट्टी होती, तिला मध्यभागी लहानसा दिवा. "ही कपाळाला बांधायची, महाराज," तो शिष्याला म्हणाला. "हिच्यातून अगदी बारीक वीज डोक्यात जाते. मुंग्या आल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही. वीस मिनिटांत मन ताजंतवानं. दिवा हिरवा झाला की समजायचं, मन प्रसन्न. मी स्वतः रोज बांधतो."

शिष्याने बांधली आणि त्याला खरोखरच हलके वाटू लागले. पट्टीमुळे वाटले की पट्टीच्या आशेमुळे, हे मला ठाऊक नाही. त्यालाही ठाऊक नव्हते. आधी तो सकाळी बांधू लागला, मग दुपारीही, आणि पुढे ऐकायला बसतानाही. कपाळावर हिरवा दिवा घेऊन तो ओसरीवर हसतमुख बसे. राग गेला, थकवा गेला. ऐकलेले सगळे त्याच्यावरून पाण्यासारखे ओघळून जाऊ लागले आणि त्याला वाटले, आपली साधना वाढली.

अशात एक दिवस हौसाबाई आली. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचे चार वर्षे सगळे केलेली बाई. तो जाऊन वर्ष झाले होते. याआधी ती तीन वेळा मठाच्या फाटकापर्यंत येऊन तशीच परतली होती. त्या दिवशी ती धीर करून बसली. पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, "त्या दिशी दुपारी त्येंनी पाणी मागितलं..."

एवढे बोलून ती थांबली. शिष्य प्रसन्नपणे हसला. "मावशी, चार वर्षं केलीत ना सेवा? मग झालं तर. आता मन आनंदी ठेवायचं."

हौसाबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिले, मग कपाळावरच्या दिव्याकडे. "बरं," म्हणाली आणि उठली. चप्पल घालताना तिचा पाय दोनदा चुकला. आत बसलेल्या गुरूंना ऐकू फारसे येत नव्हते, पण दिसत सगळे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरू काठी टेकत विहिरीवर गेले. त्यांनी मोटारीचा फ्यूज काढला, उपरण्याच्या टोकाला बांधला आणि येऊन ओसरीवर बसले. शिष्य पाहतच राहिला. व्यापारीही नेमका आला होता. तो दुखावून गुरूंना ऐकू जाईल असे मोठ्याने म्हणाला, "बाबा, काढायचीच होती तर पट्टी काढायला सांगायचं. मोटारीनं कुणाचं काय बिघडवलं?"

"मीही दमलोय, थोडक्यात सांगतो," गुरू म्हणाले. "या पोहऱ्याचं कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. काल ती बाई गेली, तेव्हा रात्रभर विचार केला आणि उमगलं. एक माणूस आपलं दुःख आपल्यापाशी ठेवून जातो. आपण विहिरीपर्यंत चालतो, दोर ओढतो, हात भरून येतात. तेवढ्या वेळात ते दुःख आपल्या आत कुठंतरी टेकतं आणि पुढच्या माणसाला जागा होते. पाणी आंब्यासाठी नव्हतंच रे. मोटार आली आणि तुझा तो वेळ गेला. मला ते दिसायला हवं होतं. रांग लवकर संपते म्हणून मीही खुशीत होतो, हा माझा अपराध."

मग ते व्यापाऱ्याकडे वळले. "तुमची पट्टी खोटी आहे असं मी म्हणत नाही. मन आजारानं खचलं असेल तर डॉक्टरकडे जावं आणि त्यानं सांगितलं तर पट्टीही बांधावी. पण याला आजार नव्हता. आपण याचा विसावा काढून घेतला आणि मग हा दमलाय हे यालाच कळू नये अशी सोय केली. स्वतःचा थकवा ज्याला कळेना, त्याला हौसाबाईचा कुठून कळणार?"

शिष्याने पट्टी सोडली. ती व्यापाऱ्याच्या हातात देताना त्याचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा उतरला होता. "बाबा, ती परत येईल का?"

"मला काय ठाऊक," गुरू म्हणाले.

पोहरा पुन्हा सुरू झाला. रांग रेंगाळू लागली, लोक कुरकुरू लागले. शिष्याचे तळहात सोलून निघाले. रोज फाटकाकडे पाहायचे आणि ती नाही म्हणून मनातल्या मनात झुरायचे, असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी तो पाणी शेंदत असताना मागून कुणीतरी दोर धरला. "द्या, म्या लावते हात." हौसाबाई होती. ओसरीवर न बसता ती थेट विहिरीवर आली होती. दोघांनी मिळून पोहरा निम्म्यापर्यंत ओढला असेल, तेव्हा ती खाली पाण्याकडे बघत म्हणाली, "त्येंनी पाणी मागितलं. म्या म्हनलं, थांबा वाईच. चार वर्सं नुसती उठबस करून जीव इटला होता माजा, दादा. म्या मुद्दाम थांबवलं. आन् मग पाणी घिऊन गेले तर..."

शिष्याला धीराची शंभर वाक्ये पाठ होती. त्यातले एकही तोंडातून निघाले नाही. त्याचे डोळे भरून आले, हात थांबले, पोहरा विहिरीत तसाच लोंबकळत राहिला. पण दोर त्याने सोडला नाही, तिनेही सोडला नाही. ओसरीवर माणसे खोळंबली होती. गुरूंनी हातानेच त्यांना गप्प बसवले.

बऱ्याच वेळाने दोघांनी पोहरा वर घेतला. हौसाबाईने तो शिष्याच्या हातून घेतला आणि आंब्याच्या बुंध्याशी बसून, आजाऱ्याला पाजावे तसे, हळूहळू सगळे पाणी घातले. मग रिकामा पोहरा घेऊन ती विहिरीपाशी परत आली.

"आनि एक काढूया?" तिने विचारले.

शिष्याने पोहरा आत सोडला.