मागावरची हाक

“मग माझं चुकलं कुठं, आपा?”

हमीदाआपा उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

विचारणारा निशिकांत. तिचाच शिष्य. ज्या पोरांना बोलायला उशीर लागतो, त्यांना बोलतं करायचं काम आपानं जन्मभर केलं. गुडघे गेले तेव्हा वर्ग त्याच्या हाती दिला. हुशार होता. त्याच्या हुशारीचा त्रास दुसऱ्यांना थोडा, त्यालाच जास्त.

“आधी काय झालं ते सांग. चुकलं कुठं ते मग बघू.”

“प्रणालीची आई म्हणते, सोमवारपासून पोरीला पाठवणार नाही.”

“का?”

“पोरगी बोलायला लागली म्हणून.”

आपाचे हात थांबले.

प्रणाली चांगली मोठी झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. किंचाळायची, नाही तर हुंकारायची. निशिकांतनं तिला शब्द दिले. एकेक अक्षर घासूनपुसून दिलं. किंचाळली की तो पाठ फिरवायचा. शब्द बोलली की तिच्या कपाळावर कागदी चांदणी चिकटवायचा. ‘ओरडायचं नाही, नीट सांगायचं’ हा त्याच्या वर्गाचा नियम. भिंतीवर रंगवून घेतलेला.

पोरगी शिकली. सगळं बोलायला लागली. पण एका पट्टीत. स्टेशनावर गाडी आल्याचं सांगतात ना, तसं. भूक लागली तरी तसंच, विंचू दिसला तरी तसंच.

परवा ती आईजवळ मागाच्या खोलीत खेळत होती. आई सुरेखा तिथं कांड्या भरते, म्हणजे मशीनवर सूत गुंडाळते. पोरीच्या फ्रॉकचा घेर मशीनच्या पट्ट्यात गेला.

पोरगी किंचाळली नाही. तिनं नीट सांगितलं.

“आई. माझा. फ्रॉक. अडकला.”

आई पाठमोरी होती. चारी बाजूंनी माग खडखडत होते. ती काम करत राहिली. पलीकडच्या मागावरच्या दगडूनं बघितलं आणि मशीन बंद करायचं बटण दाबलं, म्हणून पोरगी वाचली. फ्रॉक फाटला, मांडी सोलवटली.

“सुरेखा काय म्हणाली?” आपानं विचारलं.

“म्हणाली, मुकी होती तेव्हा ओरडायची तरी. मी पळत जायचे.”

आपानं हातातली पाकळी ताटलीत टाकली.

“वाक्य पूर्ण होतं, आपा! एक अक्षर इकडंतिकडं नाही. त्या खोलीत एवढा दणदणाट, त्याला मी काय करू? आवाजाचे चढउतार तेवढे राहिलेत, ते कबूल. त्याचीही तयारी केलीय मी.”

त्यानं पिशवीतून मोठा तक्ता काढून पसरला. सगळे बाण. विचारायचं असेल तर बाण वर. सांगायचं असेल तर खाली. रागाचा लाल. भीतीचा निळा, वाकडातिकडा.

आपानं चष्मा लावून तक्ता बघितला. शेवटपर्यंत बघितला.

“छान काढलायस. भीतीचा बाण कुणाला बघून काढलास?”

निशिकांतनं तक्ता गुंडाळून काखेत धरला.

“चप्पल घाल,” आपा म्हणाली.

मागाची खोली गल्लीच्या टोकाला. दारात उभं राहिलं की पायाखालची फरशी हालते. आत सुरेखा, त्यांच्याकडं पाठ करून.

आपानं त्याच्या कानाला तोंड लावलं. “बोलव तिला.”

त्यानं वर्गातला आवाज काढला. “सुरेखाताई. आपा आल्या आहेत. बाहेर या.”

सुरेखा सूत जोडत होती.

त्यानं पुन्हा तेच म्हटलं. मग मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. मानेच्या शिरा फुगल्या, घसा बसला. शब्द मात्र स्वच्छ होते.

दगडू माग सोडून जवळ आला. कानात ओरडला, “मास्तर, कीर्तन कुणापुढं चाललंय?”

आपानं तोंडाशी हात धरला.

“हूऽऽऽप्!”

एवढंच. खालून निघालं, वर गेलं, तुटलं. सुरेखानं मान वळवली.

“याला काही अर्थ नाही,” निशिकांत आपाच्या कानाशी म्हणाला. “हा शब्दच नाही.”

“नाही ना,” आपा म्हणाली.

सुरेखा बाहेर आली. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. तिनं निशिकांतकडं बघितलंच नाही.

“सोमवारपास्नं न्हाई पाठवायची, आपा. तुम्ही सांगितलं तरी न्हाई.”

“नको पाठवूस. आजचा तास दे.”

“यांच्याकडं?” आता बघितलं तिनं त्याच्याकडं. “पोरगी पट्ट्यात गेली असती, तर यांनी नीट बोलली म्हणून चांदणी लावली असती तिला.”

निशिकांतचा चेहरा उतरला. बाई बोलली ते खोटं नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं.

“माझ्याकडं दे,” आपा म्हणाली.

“एक तास. मग मी तिला घेऊन जाणार.”

वर्गात प्रणाली आधीच येऊन बसली होती. मांडीला पट्टी. “नमस्कार. सर,” ती म्हणाली. स्टेशनावरची गाडी आली.

आपानं डबीतली एक चांदणी उचलली, जिभेवर ओली केली आणि निशिकांतच्या मिटलेल्या ओठांवर चिकटवली.

“तासभर शब्द नाही,” ती म्हणाली, आणि दारात जाऊन बसली. लसूण बरोबर आणलाच होता.

प्रणालीनं चांदणी बघितली. सरांना तिथं चांदणी... तिनं जरा वेळ विचार केला. मग त्यांचा तक्ता ओढला आणि मधोमध घडी घातली.

“अं,” निशिकांत म्हणाला.

तिनं वर बघितलं नाही.

“अं. अं.”

एका पट्टीत. आपानं दारातून त्याच्याकडं एकदा बघितलं, पुन्हा लसणाकडं.

पोरीनं दुसरी घडी घातली. लाल बाण मोडला.

“अंऽऽ! अं अं!”

पोरीची मान झटकन वर आली. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग डोळ्यांकडं. आणि मुद्दाम, सावकाश, तिसरी घडी घातली.

“अंऽऽऽ...” रात्र रात्र जागून काढलेला तक्ता. तो आता विनवण्या करत होता.

प्रणाली खुदकन हसली. मान तिरकी केली.

“अं?”

बाण वर गेला. कुणी काढला नव्हता.

“अं!” निशिकांतनं हात पुढं केला.

“अंहं.” तक्ता पाठीमागं.

“अंऽऽ?”

“अंहंऽऽऽ!”

मग दोघांचं रीतसर भांडण झालं. ओरडणं झालं, कुरकुर झाली, लाडीगोडी झाली, पाय आपटणं झालं. नियम भिंतीवरून बघत होता. शेवटी तक्त्याची होडी झाली. भीतीचा निळा बाण बरोबर शिडावर आला.

पोरगी होडी घेऊन उठली आणि पळत सुटली. आईला दाखवायला. निशिकांत मागोमाग, आपा लंगडत त्याच्या मागं.

मागाच्या खोलीच्या दारात प्रणाली थांबली. आत आईची पाठ.

“आई. ही. होडी. बघ.”

माग खडखडत होते. आई सूत जोडत होती.

पोरीनं मागं वळून सरांकडं बघितलं. त्यानं तोंड उघडलं... आपानं त्याचं मनगट धरलं. घट्ट.

प्रणाली पुन्हा आत वळली. छाती भरून श्वास घेतला.

“आऽऽऽऽऽ!”

पोटातून निघालेली हाक. वर चढली, टोकाला जाऊन फुटली.

सुरेखाच्या हातातली कांडी पडली. सुताची टोपली लाथेनं उडाली. दगडूनं वाट दिली नसती तर त्यालाही पाडलं असतं तिनं. पदर कुठं, चप्पल कुठं. धावत सुटली.

निशिकांतच्या ओठावरची चांदणी गळून पडली.

“आपा,” तो तिच्या कानाशी पुटपुटला, “त्यात ‘ई’ आलाच नाही.”

आपा सुरेखाकडं बघत होती. बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“जा. काही झालेलं नाही म्हणून सांग तिला.”

तो निघाला.

“निशिकांत...”

तो थांबला.

“नीट सांग.”